मंगसाहेब

मी पहिल्यांदा डॉक्टर म्हणून ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तिथं माझ्या खुर्चीचा एक पाय लंगडा होता आणि माझ्या हाताखालचा एक माणूस माझ्यावर साहेब होता. खुर्ची मी पंधरा दिवसांत दुरुस्त करून घेतली. त्या माणसाचं शेवटपर्यंत काही करता आलं नाही.

हुद्द्यानं ते आरोग्य सहायक. निवृत्तीला टेकलेले, अंगानं काटकुळे, मनगटावर सेकंदकाट्याचं चावीचं घड्याळ आणि कपाळावर कायमची एक आठी. समोरच्याचं बोलणं अजून संपलेलं नाही, अशी त्यांची ठाम समजूत असायची. कुणीही काहीही सांगितलं की ते विचारत, "मंग?" आमच्या नाशिककडं 'मग' म्हणतात, तेच इकडं परभणीत 'मंग'. चहा उतू गेला. मंग? सोनपेठची गाडी चुकली. मंग? एकदा आमचा शिपाई कंटाळून म्हणाला, "मंग काय साहेब, मेलो!" त्यावर हे तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "कशानं?"

गावोगाव त्यांना मंगसाहेब म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

तसं त्यांच्या माथी बरंच काम होतं. लसीकरण, पाण्याचे नमुने, फवारणी. पण जीव अडकलेला एकाच कामात, आणि ते काम बाकी सगळे टाळायचे. पाच वर्षांच्या आतलं मूल दगावलं की त्या घरी जायचं, काय काय कसं कसं झालं ते विचारायचं, फॉर्म भरायचा, आणि पुढचं मूल तसं जाऊ नये म्हणून काय करता येईल ते तालुक्याच्या बैठकीत मांडायचं. ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल.

रुजू झाल्यावर महिन्याभरातच माझ्यापुढं असा पहिला फॉर्म आला. आमच्या हद्दीतली, गोदावरीच्या अंगाची एक वस्ती. मेंढ्या-शेळ्या राखणारं घर. सव्वीस दिवसांची मुलगी. आजीनं गावच्या आशा कार्यकर्तीला, म्हणजे आशाताईला, फोनवर सांगितलं होतं, ताप आलता. मी कारणाच्या रकान्यात 'ताप' लिहिलं, सही केली आणि दुसऱ्या कामाला लागले.

संध्याकाळी फॉर्म परत माझ्या टेबलावर, पुढं मंगसाहेब.

"म्याडम, ताप हे कारण न्हाई. ती तक्रार हाय."

"काका, मूल गेलंय," मी म्हणाले. "आता कुठला ताप होता ते कळून काय उपयोग?"

"ह्या लेकराला न्हाई. तिच्या पाठच्याला हाय."

"पाठचं मूल आहे का तिला?"

"अजून न्हाई. व्हईल की."

एवढं बोलून त्यांनी फॉर्मवर माझाच पेपरवेट ठेवला आणि निघून गेले. मला इतका संताप आला, की त्यानंतर आलेल्या तीन पेशंटांवर मी उगीच खेकसले. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वस्तीवर जायचं ठरवलं. शिकायला नव्हे. त्यांना तोंडघशी पाडायला.

केंद्राच्या दारात जीप उभी होती, ड्रायव्हर पेपर वाचत बसला होता, आणि मंगसाहेब निघाले एसटीनं. "जीप गेली की अख्खं गाव गोळा व्हतं, अन् माय आत जाऊन बसती," ते म्हणाले. बरं, एसटीनं तर एसटीनं. पण हे गृहस्थ एक थांबा आधीच उतरले. पायी आलेल्या माणसाला लोक बसा म्हणतात, गाडीतून आलेल्याला काय काम हाय म्हणतात, असा त्यांचा अनुभव. माझ्या पायात टाचेच्या चपला होत्या आणि रस्ता काळ्या मातीचा. त्या चालण्यात मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणाले, ते इथं लिहिता येणार नाही.

वस्ती दिसली तसा त्यांनी खिशातला पेन काढून पिशवीत टाकला. फॉर्म तर पिशवीच्या तळाशीच होता.

"अहो, लिहिणार कशानं?"

"पेन दिसलं की मानूस बयान देतो, म्याडम. बोलत न्हाई."

पत्र्याचं घर, कुडाच्या आडोशाला शेळ्या. सासूबाईंनी घोंगडी अंथरली. आणि मंगसाहेबांनी अर्धा तास शेळ्यांची चौकशी केली. कुठली व्याली, कुठलीला दोन झाली, कुठली पाजते आणि कुठली लाथ मारते. मी घड्याळ बघत होते. शेळ्यांच्या ओघातच त्यांनी विचारलं, सूनबाई कुठल्या. सासू म्हणाली, देवगाव फाट्याच्या अलीकडच्या. बाळंतपण पहिलं, म्हणून माहेरीच. तेवढ्यात दाराआडून सून स्वतःच पुढं आली. विशीतली पोर. मांडीवर काही नाही म्हणून दोन्ही हात कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

"बारसं झालं अन् तेराव्या दिशी आमी हिकडं आलो," ती म्हणाली.

सासू मध्येच बोलली, "काय करावं साहेब, मानसं मेंढरं घेऊन दूर गेलती अन् मी पडले आजारी. शेळ्यायला कोन बघावं? न्हाई तं सव्वा म्हैना ठिवलीच असती की माहेरी."

"व्हय तं," मंगसाहेब म्हणाले. "मंग?"

"मंग, जन्माची बारकीच, पर चार-पाच दिस चांगली होती," सून म्हणाली. "मंग दूध कमी ओढाया लागली."

"मंग?"

"मंग निजूनच राहायली. आत्याबाई म्हनल्या, गुणाचं लेकरू हाय, रडत न्हाई."

"मंग?"

"मंग पाय गार लागायले."

त्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. मी मान खाली घातली. त्या बाळाला ताप नव्हताच. ते गार पडत चाललं होतं.

"मंग?"

"मंग मी पदरात घेऊन सडकंवर आले. गाडी लवकर घावली न्हाई. पदर काढून बघितलं, तं..."

त्या वेळी ते 'मंग' म्हणाले नाहीत. मागं एक शेळी ओरडत होती. मग ते म्हणाले, "पानी द्या माय, थोडं." तिनं तांब्या आणून दिला. पाणी पिताना त्यांचा हात स्थिर होता.

परत येताना थांब्यावरच्या बाभळीखाली बसून त्यांनी अख्खा फॉर्म आठवणीतून भरला. एक शब्द इकडचा तिकडं नाही. मग कारणाचा रकाना माझ्यापुढं धरला. 'ताप' मी माझ्याच हातानं खोडलं आणि 'कमी वजन, अंग गार पडणं' असं लिहिलं.

मंगसाहेब म्हणजे सदा दुःखात बुडालेला माणूस, असं मात्र कुणी समजू नये. त्यांच्याबरोबर फिरणं म्हणजे निम्मा वेळ हसू आवरणं आणि निम्मा वेळ ओशाळणं. दिसेल त्या तान्ह्या मुलाचे श्वास मोजायची त्यांना खोड होती. लग्नात, बाजारात, कुणाच्या ओट्यावर. मनगट डोळ्यांपुढं धरून मिनिटभर बाळाच्या पोटाकडं टक लावून बघत बसायचे. एकदा पाथरीच्या गाडीत असंच पुढच्या बाकावरचं बाळ मोजलं आणि उठून वाहकाला म्हणाले, "गाडी दवाखान्यापाशी थांबवा. लेकराला धाप हाय." सगळी गाडी हळहळली. बाळाची आजी मात्र उभी राहिली आणि कडाडली, "धाप कशाची बाबा? आत्ताच गळा काढून रडलंय ते! रडल्यावर तुमचा श्वास काय हळू चालतो का?" गाडी खदखदून हसली. मंगसाहेबांनी हात जोडले, खाली बसले, आणि पाच मिनिटांनी परत मोजले. आता बरोबर भरले. दिवसभर हा माणूस खुशीत होता.

"तुमची फजिती झाली, काका."

"झाली की. लेकरू चांगलं हाय म्हनून झाली. अशी रोज व्हावी."

तर तो सव्वीस दिवसांच्या मुलीचा फॉर्म. त्यात एक गोष्ट त्यांना टोचत राहिली. बाळ घरी आलं की आशाताईनं ठरलेल्या दिवशी घरी जाऊन वजन करायचं, पाय चाचपायचे, दूध पितंय का बघायचं, अशी पद्धत आहे. मग इथं काय झालं? ते आधी माहेरच्या आशाताईकडं गेले. तिनं रजिस्टर उघडलं. शेवटची नोंद: बाई सासरी गेली. मग आमच्याकडच्या आशाताईकडं. तिचंही रजिस्टर नीटनेटकं. नोंद: बाई माहेरी आहे. पहिलटकरीण सव्वा महिना माहेरी राहते हे सगळ्या जगाला ठाऊक, आणि ती वस्ती गावापासून लांब. ती कशाला जाऊन बघेल? दोघींपैकी कुणीही खोटं लिहिलं नव्हतं, कुणी कामचुकारपणा केला नव्हता. पण तेराव्या दिवसापासून पुढं त्या बाळाच्या पायांना कुणाही जाणत्या माणसाचा हात लागला नव्हता.

आमची आशाताई ऐकून रडायलाच लागली. मंगसाहेब तिला म्हणाले, "रडू नको माय. तुजी चूक काढाया आलो न्हाई. भोक कुठं हाय ते बघाया आलो."

मग त्यांना नवीनच वेड लागलं. जुन्या पोलिओच्या पोस्टरच्या पाठीवर त्यांनी जिल्ह्याचा नकाशा काढला आणि जुने फॉर्म उपसून त्यावर टिकल्या लावायला बसले. सिस्टरांच्या पर्समधल्या टिकल्या. जिथं बाळ जन्मलं तिथं लाल, जिथं गेलं तिथं काळी, मधे शिवणाचा दोरा. दोरे इतके निघाले, की नकाशावर गावांची नावं वाचता येईनात. तालुक्याच्या बैठकीला ते नकाशा गुंडाळून एसटीनं घेऊन गेले. उन्हाळ्याचे दिवस, टिकल्यांचा डिंक सुटला. एक लाल टिकली वाहकाच्या बाहीवर चिकटली, तर त्याचा हात धरून हे त्याला विचारू लागले, ही कुठल्या गावाहून उठली.

तालुक्याचे साहेब भले होते, पण घाईचे. नकाशा बघून म्हणाले, "सोपं आहे. दोघी आशांनी एकमेकींना फोन करायचा. पुढचा विषय."

"फोन करूच साहेब," मंगसाहेब उभेच. "पर फोनवर पाय गार हाय का गरम, ते कळत न्हाई."

"मंग?" साहेबांच्या तोंडून निघून गेलं, आणि अख्खी बैठक हसली. साहेबही हसले. त्या हसण्यात मंगसाहेबांनी आपलं काम उरकून घेतलं. ठरलं असं, की फोन सगळ्यांनाच करायचा. पण बाळ अशक्त असेल तर माहेरच्या आशानं ते सासरच्या आशाच्या हातात द्यायचं. वाटेत, स्टँडवर, जिथं जमेल तिथं. दोघींनी मिळून बाळाचे पाय चाचपायचे, वजन करायचं, आणि मग कार्ड या हातातून त्या हातात. दोघींचं एकमत झाल्याशिवाय बाळ पुढच्या गाडीत चढायचं नाही.

पहिली पाठवणी पाथरीच्या स्टँडवर. एका शेतकऱ्याच्या घरची लेक निघाली होती. मंगसाहेबांनी सगळ्यांना निरोप दिला, स्टँडवर भेटा. एक आशाताई सोनपेठच्या फलाटावर उभी, दुसरी बाहेर खासगी जीपांपाशी, आणि बाळंतीण बाळंतविड्याच्या गाठोड्यांसह रसवंतीवर. तासभर तिघी एकमेकींची वाट बघत होत्या. शेवटी मंगसाहेब बाकावर चढून "सोनपेठ, सोनपेठ!" असं ओरडायला लागले. आशाताया राहिल्या बाजूला, दोन प्रवासी येऊन विचारू लागले, जीप किती वाजता सुटणार.

पण ती गोष्ट रुजली. ती रुजली म्हाताऱ्यांमुळं. लेक सासरी निघताना ओटी भरायची असतेच. त्यात मंगसाहेबांनी हे पाय धरणं बेमालूम घुसवून दिलं. पहिल्या दोन-तीन वेळा त्यांनी सांगितलं, पुढं आज्याच सांगू लागल्या. "आदी दोगींनी पाय धरा गं लेकराचे, मंग वटी भरा." जणू पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय. मी एकदा म्हणाले, काका, ही तर तुम्ही रीतच पाडली. ते म्हणाले, "हुकूम म्हनलं की लोक कागद मागतेत. रीत म्हनलं की कोनी इचारत न्हाई."

अशात एके दिवशी माझ्या ओपीडीत ती वस्तीवरची पोर येऊन बसली. तिला पुन्हा दिवस गेले होते, पाचवा महिना. तपासणी झाली, सगळं ठीक होतं, तरी ती उठेना.

"म्याडम," ती म्हणाली, "ह्याबी येळेस तसंच झालं तं मी पुन्यांदा आई व्हनार न्हाई. मला त्यो पदर पुन्यांदा उघडायचा न्हाई."

मी तिचा हात धरून बसले. बाहेर येऊन मंगसाहेबांना सांगितलं. त्यांनी बाळंतपणाची तारीख विचारून वहीत टिपून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस ते निवृत्त होणार होते. निरोप समारंभात शाल झाली, नारळ झाला, आणि दोन शब्द बोला म्हणून सगळ्यांनी आग्रह केला. ते उठले, म्हणाले, "माजी एक फाईल अजून चालू हाय," आणि खाली बसले. शिपायानं टाळ्या सुरू केल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. ती फाईल कुठली, हे मला एकटीला माहीत होतं.

तिला पुन्हा मुलगीच झाली, माहेरी, आणि पुन्हा वजनाला कमी. या वेळी सासूनं स्वतःहून सांगितलं होतं, शेळ्या मेल्या तरी चालतील, सव्वा महिना तिथंच ठेवा. पण विसाव्या दिवशी माहेरचीच माणसं मेंढरं घेऊन निघाली, घरात कुणी राहीना. पाठवणी ठरली. पाथरी स्टँड.

पुढचं मला आशाताईनं फोनवर सांगितलं, ते असं. ती पोहोचली तर मंगसाहेब आधीपासून बाकावर बसलेले. सरकारनं त्यांना मोकळं केलं होतं, त्यांनी सरकारला केलं नव्हतं. बाळ आलं. दोघींनी एकेक पाय धरला.

"चांगलं हाय की," माहेरची म्हणाली.

"मला गार लागायलाय," आमची म्हणाली.

माहेरची चुलती म्हणाली, "गाडीत वारं लागलंय. निघा आता, गाडी सुटंल."

मंगसाहेब चकार शब्द बोलले नाहीत. त्यांनी बोलायची गरजच नव्हती. दोघींचं एकमत नाही, म्हणजे गाडीत चढायचं नाही. दोघींनी पाय अदलून बदलून धरले. झोळीच्या काट्यावर वजन केलं, ते कार्डावरच्या शेवटच्या वजनापेक्षा कमी भरलं. आता माहेरचीही म्हणाली, गार हाय. गाडी गेली. आमच्या आशाताईनं मला फोन लावला. मी सांगितलं, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण, आणि तडक तिथल्या दवाखान्यात. तिथून रुग्णवाहिकेनं परभणीला, तान्ह्या बाळांच्या कक्षात. मंगसाहेब ड्रायव्हरशेजारी बसून गेले. वाटभर घड्याळ डोळ्यांपुढं आणि मान मागं. ड्रायव्हर पुढं मला म्हणाला, म्हाताऱ्याची मान धरली असंल.

त्यानंतरचे दिवस आमचं फोनवरचं संभाषण ठरलेलं. "तोंडानं दूध घ्यायला लागली, काका." "मंग?" "वजन वाढलं." "मंग?" "घरी सोडलं." "मंग?" मी चिडून म्हणायची, आता मंग काय, नाचू का? तर पलीकडून शांतपणे, "नाचा की."

माझी बदली झाली तेव्हा त्या मुलीला वर्ष उलटून गेलं होतं. निघण्याआधी मी मंगसाहेबांना म्हणाले, चला वस्तीवर. आम्ही एसटीनं गेलो. एक थांबा आधी मीच उतरले. पायात सपाट चपला होत्या.

घोंगडी अंथरली गेली. मंगसाहेबांनी शेळ्यांपासूनच सुरुवात केली, पण फार वेळ जमलं नाही. कारण एक धुळीनं माखलेली, झिपरी पोर येऊन त्यांच्या मनगटावरचं घड्याळ ओढायला लागली.

"परवा शेळीच्या पिलाच्या मागं पळाली," तिची आई म्हणाली.

"मंग?"

"मंग पडली."

"मंग?"

"मंग उठली अन् पुन्यांदा पळाली."

"मंग?"

"मंग पिलू घरात घुसलं, ही बी घुसली, आत्याबाईची दुधाची चरवी उलथी केली."

"मंग?"

ती हसायलाच लागली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आता मंग काय सांगू साहेब! हिचं संपतच न्हाई."

मंगसाहेबांनी मान खाली घातली.

"पानी द्या माय, थोडं," ते म्हणाले.

तिनं तांब्या दिला. त्यांचा हात इतका थरथरत होता, की निम्मं पाणी शर्टावरच सांडलं, आणि ती झिपरी पोर टाळ्या वाजवून हसली.